तापाची गोळी आणि सरकारचे धोरण

आरोग्य धोरण हा शब्द दिसला की आपल्यापैकी अनेक कार्यकर्ते पान उलटतात. ते काम दिल्ली-मुंबईचे, आपले काम पाड्यावरचे, अशी मनात वाटणी झालेली असते. धोरण दिल्लीत लिहिले जाते हे खरेच आहे. पण ते लिहिताना पुढ्यात जे आकडे असतात, ते शेवटी उपकेंद्राच्या आणि आशाताईच्या नोंदवहीतून वर गेलेले असतात. कोणत्या गोळ्या आल्या, कोणाला दिल्या, किती पोटात गेल्या आणि किती घराच्या कुडात खोचून राहिल्या, या सगळ्याला मिळून औषधवापर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1977 मध्ये या अभ्यासाची व्याख्या केली. समाजात औषधे विकली कशी जातात, पोचतात कशी, लिहून कशी दिली जातात, घेतली कशी जातात, आणि त्याचे वैद्यकीय, सामाजिक व आर्थिक परिणाम काय होतात, एवढे सगळे त्यात येते. म्हणजे केवळ डॉक्टरांची चिठ्ठी तपासणे हा औषधवापराचा अभ्यास नव्हे.

त्याच 1977 साली संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी काढली. तीत सुमारे दोनशे औषधे होती. आपल्याकडे हाथी समितीने त्याआधीच, 1975 मध्ये, 117 औषधांत देशातील बहुतेक आजारांचे भागू शकते असे सुचवले होते. राष्ट्रीय यादी मात्र 1996 मध्ये निघाली. 2022 च्या यादीत 384 औषधे आहेत. यादी हे धोरणाचे सर्वांत ठळक रूप आहे. परंतु यादीत औषध असणे आणि भामरागड किंवा धडगाव तालुक्यातील मुलाला ते तापाच्या पहिल्या दिवशी मिळणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर कसे पडते हे समजायला एकच आजार धरून चालणे सोपे. म्हणून हिवताप घेऊ.

हा आजार निवडण्याचे कारण उघड आहे. आदिवासी आरोग्यावरील तज्ज्ञ समितीने 2018 मध्ये अहवाल दिला. डॉ. अभय बंग तिचे अध्यक्ष होते. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे आठ टक्के, पण हिवतापाच्या रुग्णांत तीस टक्के, फॅल्सिपेरम या घातक प्रकाराच्या रुग्णांत साठ टक्क्यांहून अधिक आणि मृत्यूंत जवळजवळ निम्मे, असे त्या अहवालात नोंदवले आहे.

चार गोळ्यांची मात्रा

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. 1953 मध्ये नियंत्रणाचा आणि 1958 मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या फवारणीने 1965 पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई आली, डासांना कीटकनाशकाची सवय झाली, आणि 1976 मध्ये आकडा 64 लाखांच्या वर गेला. निर्मूलनाची भाषा मागे पडली. 1977 पासून सुधारित योजना आली आणि तिच्यातून गावोगाव ताप उपचार केंद्रे व औषध वाटप केंद्रे निघाली. गावातलेच कोणी शिक्षक, दुकानदार किंवा पंचायतीचे सदस्य ती चालवीत. जुन्या कार्यकर्त्यांना ‘तापाचा डेपो’ हा शब्द आठवत असेल.

तेव्हाचा नियम असा होता: ताप दिसला की तो हिवताप समजावा. बोटातून रक्त घेऊन काचपट्टी तयार करावी, ती तपासणीस पाठवावी, आणि निकालाची वाट न पाहता मोठ्या माणसाला क्लोरोक्विनच्या चार गोळ्या एकदम द्याव्यात. रोग ठरला तर पूर्ण उपचार पुढे येई. क्लोरोक्विनची पूर्ण मात्रा म्हणजे तीन दिवसांत दहा गोळ्या: पहिल्या दोन दिवशी चार-चार, तिसऱ्या दिवशी दोन. कागदावर ही रचना चोख होती. पण दुर्गम भागात काचपट्टीचा निकाल परत यायला दोन-तीन आठवडे लागणे नवलाचे नव्हते. तोवर माणूस बरा होऊन कामाला लागलेला असे, नाहीतर दुसऱ्या वाटेने गेलेला असे. व्यवहारात असंख्य रुग्णांना दहाऐवजी चारच गोळ्या मिळाल्या.

मात्रा अपुरी पडली की रक्तातले दुबळे जंतू मरतात आणि चिवट शिल्लक राहतात. डास त्यांनाच पुढे नेतो. क्लोरोक्विनला न जुमानणारा फॅल्सिपेरम भारतात पहिल्यांदा 1973 मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग भागात आढळला. तोही आदिवासी डोंगराळ मुलूख आहे. त्यामुळे सगळा दोष डेपोच्या चार गोळ्यांवर टाकता येत नाही. डेपो नंतर आले. थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत हा प्रतिकार 1950 च्या दशकाअखेरीसच दिसू लागला होता. काही देशांत तर मिठात क्लोरोक्विन मिसळून सरसकट लोकांना खाऊ घातले गेले होते. रोज थोडेथोडे औषध अंगात जात राहिले तर जंतूंना त्याचा सराव होतो, हे नंतर कळले. एकूण हिशेब मात्र सर्वत्र सारखाच होता. औषध थोडे आणि खूप जणांना द्यायचे हे ठरवले धोरणाने. त्यातून वापराची एक तऱ्हा पडली. आणि त्या तऱ्हेने औषधच निकामी होऊ लागले.

मग धोरणाला बदलावे लागले. 1982 मध्ये हिवतापाचे पहिले राष्ट्रीय औषध धोरण आले. क्लोरोक्विन चालत नाही तेथे सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन द्यायचे ठरले. पुढे आर्टिमिसिनिन आले. चीनमधील एका वनस्पतीपासून ते वेगळे काढण्याच्या कामासाठी तू यूयू यांना 2015 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध जंतू झपाट्याने मारते, पण रक्तात फार काळ टिकत नाही; म्हणून त्याला टिकाऊ जोडीदार लागतो. एकटे दिले तर त्याचीही क्लोरोक्विनसारखी गत होईल हे उघड होते. तरी बाजारात एकट्या आर्टिमिसिनिनच्या गोळ्या येऊन बसल्याच. भारताने 2009 मध्ये त्या बंद केल्या, आणि 2010 पासून देशभर फॅल्सिपेरमच्या प्रत्येक रुग्णाला आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन अशी जोडगोळी देण्याचे ठरले. ईशान्येकडील राज्यांत हा जोडीदारही दुबळा पडल्याचे दिसले, तेव्हा 2013 मध्ये तेथे दुसरी जोडी आणावी लागली.

या बदलातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. जोडगोळीची पाकिटे वयाप्रमाणे रंगीत केली गेली. एक वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, एक ते चार वर्षांना पिवळे, पाच ते आठला हिरवे, नऊ ते चौदाला लाल, त्यापुढे पांढरे. पाकिटात तीनही दिवसांच्या गोळ्या वेगवेगळ्या कप्प्यांत. वजनाचा हिशेब नको, गोळी मोडायला नको. अक्षरओळख बेताची असलेली आई घरीसुद्धा ते वापरू शकते. ‘तीन दिवस गोळ्या घ्या’ असे दहा परिपत्रकांत लिहिण्याने जे साधत नाही, ते पाकिटाच्या रंगाने साधते. औषध प्रत्यक्ष घरात कसे घेतले जाते हे कोणीतरी नीट पाहिले होते, म्हणून हे सुचले.

चाचणी नकारार्थी आली, पुढे काय?

काचपट्टीच्या जोडीला आता झटपट तपासणीचे किट आले आहे. आशाताई बोटातून थेंबभर रक्त घेते आणि पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळतो. ताप म्हणजे हिवताप समजावा हा जुना नियम गेला. आधी तपासा, मग औषध द्या, हा नवा आला. वैद्यकीय दृष्ट्या हे पाऊल योग्यच होते. क्लोरोक्विनची उधळपट्टी थांबली.

पण ताप घेऊन आलेल्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांच्या किटवर एकच रेघ उमटते, तेव्हा काय होते? आशाताईकडे पॅरासिटामॉल असते. ती ते देते, पाणी भरपूर प्यायला सांगते. रुग्णाच्या मनात मात्र वेगळेच चालू असते. तपासले, रक्त काढले, आणि ‘काही नाही’ म्हणाली. अंग तर तापलेलेच आहे. मग बाजाराच्या गावातला खासगी दवाखाना गाठला जातो. तेथे सुई मिळते, जमल्यास सलाईन मिळते आणि पुडीत बांधलेल्या चार रंगांच्या गोळ्या मिळतात, ज्यात एखादे प्रतिजैविक हमखास असते. आफ्रिकेतील व आशियातील काही देशांत याची पद्धतशीर पाहणी झाली आहे. हिवतापाचे किट आल्यावर हिवतापाच्या औषधांचा गैरवापर घटला, पण त्याच वेळी किट नकारार्थी आलेल्यांना प्रतिजैविके अधिक दिली जाऊ लागली. एका कप्प्यातला वापर दाबला की तो शेजारच्या कप्प्यात फुगतो. हिवतापाचा विभाग आपले आकडे पाहून समाधानी असतो. प्रतिजैविकांचा हिशेब त्याच्या वहीत नसतो.

सुईच्या मोहाबद्दल आपल्या लोकांना नावे ठेवण्याची आपल्यात एक सवय आहे. ती मला पटत नाही. पंधरा किलोमीटर चालत आलेल्या माणसाला उद्या पुन्हा येणे परवडत नाही. आज मजुरी बुडाली आहे, ती एकदाच बुडावी, एवढा त्याचा सरळ हिशेब असतो. सुई देणाऱ्यालाही ठाऊक असते की नुसत्या सल्ल्याचे पैसे कोणी देत नाही. दोघांच्या बाजूने पाहिले तर व्यवहार समजण्यासारखा आहे, आणि म्हणूनच तो प्रबोधनाच्या एका भाषणाने बदलत नाही. त्या तापाला दुसरे काही खरे उत्तर पाड्यावरच मिळाले पाहिजे.

असे उत्तर मिळू शकते हे आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1980 च्या दशकाअखेरीस मुलांच्या न्यूमोनियाचा प्रश्न हाती घेतला. श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता येतो: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्ष 50, एक ते पाच वर्षे 40. गावातील आरोग्य कार्यकर्ते आणि सुईणी यांना हे शिकवून त्यांच्या हाती कोट्रायमोक्झेझोल दिले. बालमृत्यू घटले, आणि 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गावर गावातीलच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे. 39 गावांत हे काम झाले. 1999 च्या अहवालानुसार तेथील नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले.

आता वरच्या परिच्छेदाशी हे ताडून पाहा. एकीकडे खासगी दवाखान्यातील सुई, दुसरीकडे गावातील बाईच्या हातची सुई. वस्तू तीच. पण दुसऱ्या ठिकाणी ती कोणत्या लक्षणांवर द्यायची, किती दिवस द्यायची आणि कधी द्यायची नाही हे ठरलेले होते, आणि प्रत्येक वेळेची नोंद होत होती. त्या नोंदींमुळेच धोरण हलले. घरोघरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम 2011 मध्ये राष्ट्रीय झाला आणि आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. जेंटामायसिनबाबत मात्र सरकारचा हात आखडता राहिला. 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनी ते ठराविक परिस्थितीत देण्याची मुभा परिचारिकेला दिली, आशाताईला नाही. सावधगिरीची कारणे असतील. पण जेथे परिचारिकेचे पद रिकामे आहे आणि पावसाने नाला भरला आहे, तेथे या फरकाची किंमत बाळ देते.

नोंदवहीतील शून्य

धोरण आणि वापर यांचा सर्वांत रोजचा संबंध औषधांच्या मागणीत येतो. तो कोणाच्या फारसा लक्षात येत नाही. आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. पुढच्या वर्षी किती माल हवा हे बहुधा गेल्या वर्षीच्या खपावरून ठरवतात. इथे एक सापळा आहे.

समजा, एका उपकेंद्राला वर्षभरात तपासणीची 300 किटे मिळाली आणि ती ऑगस्टच्या मध्यावर संपली. नवीन पुरवठा ऑक्टोबरच्या मध्यावर आला. मधल्या दोन महिन्यांत ताप आला, पण किट नव्हते, म्हणून वापर शून्य. वर्षअखेरीस वहीत खप 300 दिसतो. वरचे कार्यालय म्हणते, गेल्या वर्षी 300 लागली, यंदाही 300 द्या. म्हणजे गेल्या वर्षीची टंचाई यंदाच्या योजनेत गरज म्हणून छापली जाते. यावर उपाय म्हणून एक साधी दुरुस्ती शिकवली जाते. किट जेवढे महिने हाती होते तेवढ्यांनीच खपाला भागायचे. इथे दहा महिने. महिन्याला 30, वर्षाला 360. पण हेसुद्धा कमीच, कारण जे दोन महिने गेले ते ऐन तापाचे होते. त्या काळात महिन्याला 30 नव्हे, कदाचित 60 लागली असती. म्हणून खपाच्या जोडीला तापाच्या रुग्णांची संख्या पाहावी लागते, आणि किट नसले तरी तापाची नोंद चालू ठेवावी लागते. नेमकी हीच नोंद थांबते. द्यायला काही नसले की लिहायचे तरी काय, असे वाटते.

तमिळनाडूने 1994 मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे उभारली आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक दिले. ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत दवाखान्याने स्वतःच्या गरजेप्रमाणे औषधे उचलायची. राजस्थानने 2011 मध्ये मोफत औषध योजना आणताना याच धर्तीवर महामंडळ स्थापन केले. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला, आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले. केसपेपरचे पैसे वाचले हे चांगलेच. पण साठा नसेल तर हातात बाहेरची चिठ्ठी येते, आणि गरीब घराचा औषधपाण्यावरचा खर्च तिथूनच सुरू होतो.

आपण काय मोजू शकतो

औषधवापर मोजण्याची साधी परिमाणे जागतिक आरोग्य संघटनेने 1993 मध्येच आखून दिली आहेत, आणि ती वापरायला डॉक्टर असावे लागत नाही. एका रुग्णाला सरासरी किती औषधे दिली. त्यांतली किती मूळ नावाने लिहिली. किती रुग्णांना प्रतिजैविक दिले. किती जणांना सुई दिली. आणि किती औषधे अत्यावश्यक यादीतली होती. एवढेच. समजा एका दवाखान्यातील 30 चिठ्ठ्या पाहिल्या आणि त्यांत मिळून 96 औषधे निघाली, तर सरासरी 3.2 आली. साधारण दोनच्या आत ती असावी असे मानले जाते. तीसपैकी 18 जणांना प्रतिजैविक असेल तर ते 60 टक्के झाले. तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ठीक समजतात. सर्व चिठ्ठ्या पावसाळ्यातल्याच घेऊ नयेत, वर्षभरातून विखरून घ्याव्यात. रुग्णाचे नाव कधीही उतरवू नये.

जिल्ह्याजिल्ह्याची तुलना करायची तर ‘ठरीव दैनिक मात्रा’ हे माप वापरतात. मोठ्या माणसाला मुख्य आजारासाठी दिवसाला सरासरी किती औषध लागते ते ठरवून दिलेले असते. पॅरासिटामॉलचे माप तीन ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या. तीन हजार वस्तीच्या उपकेंद्रातून वर्षाला 18,000 गोळ्या गेल्या, तर त्या 3,000 मात्रा झाल्या. दिवसाला सुमारे 8.2, आणि दर हजारी दिवसाला 2.7. शेजारच्या उपकेंद्रात हाच आकडा 0.5 आला तर तेथे ताप कमी आहे असे समजायची घाई करू नये. आधी तेथील साठ्याची वही पाहावी. हे माप प्रौढांवर बेतलेले असल्याने लहान मुलांच्या औषधांना ते लावू नये.

आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यात याहून थोडकेच काम धरावे असे सुचवतो. ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत प्रत्येक पाड्यावर तीन नोंदी ठेवाव्यात. तपासणीची किटे आणि जोडगोळीची पाकिटे कोणत्या तारखेला संपली व कोणत्या तारखेला आली. किट नकारार्थी आलेल्या तापाच्या रुग्णाने पुढच्या आठवड्यात कोठे जाऊन काय घेतले. पुडी दाखवली तर तीही पाहावी.

तिसरी नोंद प्रायमाक्विनची. व्हायव्हॅक्स हिवतापात काही जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यायचे असते. ताप तीन दिवसांत उतरतो, आणि पुढचे अकरा दिवस औषध घेण्याचे कारण रुग्णाला अंगात जाणवत नाही. म्हणून चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजाव्यात आणि आकडा लिहावा. रागावू नये, रागावले की पुढच्या वेळी गोळ्या लपवल्या जातात आणि आकडा खोटा होतो. एक मात्र कटाक्षाने विचारावे: लघवीचा रंग काळपट किंवा चहासारखा झाला का? काही आदिवासी समाजांत एका विकराची जन्मजात कमतरता अधिक आढळते आणि अशा माणसांच्या रक्तपेशी प्रायमाक्विनने फुटतात. असे दिसल्यास गोळी त्याच क्षणी थांबवून रुग्णाला आरोग्य केंद्रात न्यावे. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला हे औषध दिलेले आढळले तर तेही लगेच कळवावे. तिन्ही नोंदींची एक प्रत आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे दिवाळीनंतर द्यावी, म्हणजे पुढच्या वर्षीचे मागणीपत्र तयार करताना ती त्यांच्या हाताशी असेल.